सोडायला जंगल नसलेले प्राणी

आमच्या इथं, म्हणजे घरात पाळून नंतर नकोशा झालेल्या परदेशी प्राण्यांच्या आसऱ्यात, काय चालतं ते कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न हमखास येतो, "मग बरे झाले की सोडता कुठे?" आणि दरवेळी मला तेच उत्तर द्यावं लागतं, कुठेच नाही. इग्वाना मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, रेड-इअर्ड स्लायडर कासव अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं, शुगर ग्लायडर हा झाडावरून झेपावणारा इवलासा प्राणी ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडचा, ग्रे पोपट आणि बॉल पायथन हा छोटा अजगर दोघं आफ्रिकेतले. यातलं कुणाला नेऊन मुळशीच्या रानात सोडायचं? सोडलं तर एकतर तो आठवड्याभरात मरेल, नाहीतर जगेल आणि मग आपल्याकडच्या प्राण्यांच्या मुळावर उठेल.

मांज्यात अडकलेली घार असते, तिचा पंख जुळला की तिला आकाशात सोडतात. जुन्नरजवळ माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र आहे, तिथलेसुद्धा काही बिबटे उपचार करून परत जंगलात जातात, जे जाऊ शकत नाहीत ते कायमचे राहतात. हेमलकशाला प्रकाश आमटेंनी शिकारीत आई गेलेली पिल्लं सांभाळायला सुरुवात केली, ते प्राणी निदान त्याच मातीतले. आमच्याकडच्या प्राण्यांना हे काहीच लागू होत नाही. त्यामुळे रेस्क्यू हा इथं फार छोटा भाग असतो, एका दुपारचं काम. त्यानंतर दहा वर्षं, वीस वर्षं, पोपट असेल तर चाळीस-पन्नास वर्षं रोज सकाळी कुणीतरी उठून त्याचं पाणी बदलायचं असतं. मला लिहायचंय ते या नंतरच्या वर्षांबद्दल, कारण मदत करणारे जवळजवळ सगळे त्या पहिल्या दुपारी येतात आणि मग दिसत नाहीत.

आधी हे सांगते की ही जागा माझी नाही, एका ताईंची आहे. पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर त्यांची घरची शेती आहे, तिच्या एका कडेला शेड, जाळीच्या मोठ्या खोल्या, दोन तळी आणि आजारी प्राण्यांसाठी एक वेगळी खोली असं सगळं हळूहळू उभं राहिलंय. मी सुट्टीच्या दिवशी जाते, बाकी हिशेब, फोन, मेसेज घरून बघते. रोजचं खरं काम गावातले एक मामा आणि त्यांची सून करतात. पत्ता इथं देत नाहीये, कारण पत्ता बाहेर पडला की लोक रात्री गेटवर खोकी ठेवून जातात, हे झालेलं आहे आणि त्यातले काही प्राणी सकाळपर्यंत जगले नाहीत.

प्राणी येतात कुठून तेही सांगायला हवं. बरेचसे बँकॉकच्या विमानानं येतात. मुंबई विमानतळावर कस्टम्सनं बॅगेत कोंबलेले इग्वाना, ग्लायडर, साप, कासवं पकडल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील, अधूनमधून येतच असतात. जे पकडले जातात त्यातले पुष्कळ परत पाठवतात, जे सुटतात ते कुठल्यातरी दुकानाच्या मागच्या खोलीत नाहीतर फोनवरच्या ग्रुपमध्ये विकले जातात. शिवाय आता इथंच पैदास करणारेही खूप झालेत. विकणारा एकच वाक्य सगळ्यांना सांगतो, "काही करावं लागत नाही याला." मला या वाक्याचा खरोखर राग येतो.

स्लायडरचंच घ्या. विकताना पिल्लू रुपयाच्या नाण्याहून जरासं मोठं असतं, हिरवंगार, डोळ्यामागं लाल पट्टा, प्लॅस्टिकच्या डबीत प्लॅस्टिकचंच नारळाचं झाड. एवढंच राहतं म्हणून सांगतात. मादी पंचवीस सेंटीमीटरच्या पुढंही जाते आणि नीट सांभाळली तर तीस वर्षं सहज जगते. खुद्द अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासव पाळायला विकायला बंदी आहे, कारण लहान मुलं ते हाताळायची, तोंडात घालायची आणि साल्मोनेला नावाच्या जिवाणूनं आजारी पडायची. इकडं मात्र ते वाढदिवसाच्या भेटीत दिलं जातं, घरात लक्ष्मी येते म्हणून घेतलं जातं, आणि मग दोन-तीन वर्षांत पाण्याचा वास यायला लागला की देवळाच्या तळ्यात नाहीतर नदीत सोडून येतात, वर पुण्य मिळालं असंही वाटतं. जगातल्या १०० सर्वांत घातक आक्रमक प्रजातींची जी यादी आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संघटनेनं प्रसिद्ध केली आहे त्यात हे कासव आहे. आपल्या तळ्यातल्या कासवांना ऊन खायला जे चार दगड आणि ओंडके असतात ते हे बळकावतं, अन्न खातं, रोग पसरवतं. सोडणाऱ्या माणसाच्या मनात वाईट काही नसतं हे मला माहितीये, पण तळ्यातल्या कासवांना त्याचा काय उपयोग.

कायद्याबद्दल लोक फार घाबरतात आणि ती भीतीच कधीकधी प्राण्याच्या जिवावर येते, म्हणून थोडक्यात लिहिते. २०२० च्या जूनमध्ये केंद्रानं सांगितलं होतं की घरात परदेशी प्राणी असेल तर सहा महिन्यांत स्वतःहून नोंद करा. मग वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि साइट्स (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) च्या यादीतले प्राणी आता कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आलेत. इग्वाना, बॉल पायथन, मकाव, ग्रे पोपट हे सगळे त्यात येतात. २०२४ मध्ये त्याचे नियम आले आणि केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करणं बंधनकारक झालं. त्यानंतर आम्हाला जे फोन आले त्यातले अर्धे लोक "आजच्या आज घेऊन जा" म्हणत होते, कुणीतरी त्यांना सांगितलेलं असायचं की घरी पोलीस येतील. नोंदणी म्हणजे प्राणी काढून घेणं नव्हे हो, तो कुणाकडं आहे, मेला का, त्याला पिल्लं झाली का याची सरकारदरबारी नोंद राहावी एवढंच. आणि आपला हिरवा पोपट, स्टार कासव, कुठलाही देशी साप यांची गोष्ट वेगळी, ते घरात ठेवणं १९७२ च्या कायद्यानुसार गुन्हाच आहे, ते आम्ही घेत नाही, घेऊ शकत नाही, त्यासाठी वनविभागाचा १९२६ हा नंबर आहे, तिथं फोन करा.

आता एका इग्वानाबद्दल सांगते म्हणजे नंतरची वर्षं म्हणते ते काय ते कळेल.

पावसाळ्यात एका घरातून तो आला. घरच्यांनी तो प्रेमानं वाढवला होता यात मला शंका नाही. मुलीनं त्याच्यासाठी छोटी गोधडी शिवली होती. ते म्हणाले, "खातो कमी, पण तब्येत छान आहे, मांड्या बघा कशा भरल्यात." डॉक्टरांनी मांडी दोन बोटांत धरून बघितली आणि काही बोललेच नाहीत. ते भरलेलं मांस नव्हतं. शरीराला कॅल्शियम मिळालं नाही की हाडातलं कॅल्शियम काढून घेतलं जातं, हाड मऊ पडतं आणि त्याभोवती तंतूंचा थर वाढत जातो, त्यामुळे पाय गुबगुबीत दिसतात. खालचा जबडा बोटानं दाबला तर दबत होता. पायाची बोटं सारखी थरथरत होती. एक्स-रेमध्ये हाडांची रेघ इतकी पुसट की आजूबाजूचं सगळं तिच्याहून ठळक दिसत होतं.

आणि कारण काय, तर काच. त्याची पेटी खिडकीजवळ होती, सकाळचं ऊन थेट त्याच्यावर पडायचं, घरच्यांना वाटायचं ऊन मिळतंय. पण काचेतून उन्हाचा उजेड येतो, ऊब येते, अतिनील किरणांमधला यूव्हीबी भाग येत नाही, तो काच अडवते. यूव्हीबी नसेल तर कातडीत ड-३ जीवनसत्त्व बनत नाही, आणि ते नसलं की खाल्लेलं कॅल्शियम अंगाला लागत नाही. वर खायला रोज पालक. पालकात ऑक्झलेट असतं, ते असलेलं कॅल्शियमही बांधून ठेवतं. म्हणजे एवढ्या मायेच्या घरात तो आतून झिजत होता.

त्याला कॅल्शियम दिलं, पेटी बदलली, पंधरा दिवस पाला वाटून सिरिंजनं भरवला. हे सगळं फोटोत चांगलं दिसतं आणि त्या फोटोंवर पैसेही चांगले आले, खोटं कशाला बोलू. पण त्यानंतर काय आहे ते बघा. जबडा कडक झाला पण वाकडाच राहिला, त्यामुळे त्याला मोठं पान तोडता येत नाही. म्हणजे मामांची सून रोज सकाळी शेवग्याचा पाला, जास्वंदाची पानं-फुलं, तुतीची पानं, थोडा लाल भोपळा असं सगळं बारीक चिरून देते, रोज, आणि इग्वाना नीट राहिला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. त्याच्या डोक्यावर जी यूव्हीबीची ट्यूब आहे ती दिसायला वर्षानुवर्षं पेटत राहते, पण तिच्यातून यूव्हीबी निघणं सहा महिने ते वर्षभरात मंदावतं, उजेड तेवढाच आणि उपयोग शून्य, म्हणून चालू असलेली ट्यूब काढून फेकून नवीन लावावी लागते. देणगीदारांना हे पटवणं किती अवघड जातं काय सांगू, "अहो पेटतेय की चांगली." तापायला वेगळा दिवा लागतो, त्याच्याखाली पस्तीस अंशांच्या आसपास हवं, कारण सरपटणाऱ्या प्राण्याला बाहेरून ऊब मिळाली नाही तर पोटातलं पचत नाही, तसंच पडून सडतं. शंभर वॅटचा एक दिवा बारा तास म्हणजे रोज एक पूर्णांक दोन युनिट, आणि असे दिवे किती पेट्यांवर आहेत ते मोजा. पुण्याकडं डिसेंबर-जानेवारीत रात्री तापमान कधीकधी दहा अंशांच्या खाली जातं, तेव्हा हे रात्रीही लागतं. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, ती संध्याकाळी येईल म्हणतात आणि कधी रात्र होते, म्हणून इन्व्हर्टर, त्याच्या बॅटऱ्या, त्या बॅटऱ्यांचं पाणी. इन्व्हर्टरच्या बॅटरीचा फोटो कुणी शेअर करत नाही, पण थंडीत आमच्या इग्वानांना जगवते ती तीच.

स्लायडरच्या तळ्यांचं वेगळंच. कासवं पाण्यातच खातात आणि पाण्यातच घाण करतात, फिल्टर कितीही चांगला असला तरी मामा एक दिवसाआड तळाचा गाळ काढतात. येणाऱ्यांपैकी बऱ्याच कासवांचे डोळे सुजून बंद झालेले असतात, आयुष्यभर पॅकेटमधला वाळलेला जवळाच खाल्लेला असतो, अ जीवनसत्त्वच नाही. दिसत नाही म्हणून खात नाही आणि खात नाही म्हणून आणखी सुजतात. ते बरे होतात, वेळ लागतो पण होतात. माद्यांना अंडी घालायला माती लागते, नर नसला तरी त्या अंडी धरतात, आणि खणायला जागा मिळाली नाही तर अंडी पोटात अडकून जिवावर बेततं. म्हणून तळ्याच्या एका कडेला मऊ मातीचा उतार केलाय. मामा तो रोज हातानं चाचपून बघतात, अंडी सापडली की त्याच दिवशी काढून फ्रीझरमध्ये टाकतात.

हे ऐकून लोक चपापतात. "पिल्लं का नाही होऊ देत, किती गोड असतात" असं कितीतरी जणांनी विचारलंय. पिल्लं होऊ दिली तर ती जाणार कुठे? त्यांनाही जंगल नाही. एका मादीची एका वर्षाची पिल्लं वाढवायची तर आणखी एक तळं खणावं लागेल, आणि लोकांना दिली तर आम्ही आणि दुकानदार यात फरक काय उरला? पैदास थांबवण्याचं हे काम आपल्या देशात आधी फार मोठ्या प्रमाणावर केलं गेलंय. १९९८ मध्ये सरकारनं अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ करायला बंदी घातली, २००१ मध्ये सुप्रीम कोर्टानंही ती कायम ठेवली, आणि मग सर्कशीतले वाघ-सिंह बन्नेरघट्टा, वंडलूर, तिरुपती, विशाखापट्टणम अशा ठिकाणच्या रेस्क्यू सेंटरमध्ये आले. त्यातले पुष्कळ सिंह आफ्रिकी आणि आशियाई यांच्या संकराचे होते, गीरच्या जंगलासाठी निरुपयोगी. त्यांची पैदास होऊ दिली नाही, जेवढे होते तेवढे म्हातारे होईपर्यंत सांभाळले आणि पिंजरे एकेक करून रिकामे होत गेले. आसऱ्याची जागा अशी चालवायची असते असं मला मनापासून वाटतं. पिंजरा रिकामा झाला की वाईट वाटतं आणि तरीही ते काम पूर्ण झाल्याचं लक्षण आहे.

नेमकं इथंच मोठ्या देणग्यांशी गाडी अडते. कंपन्यांचा सीएसआरचा, म्हणजे समाजकार्यासाठी काढून ठेवलेला, पैसा प्राण्यांच्या कल्याणासाठी देता येतो, कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ते स्पष्ट लिहिलंय, आणि काही जण चांगल्या मनानं देतातही. पण फॉर्ममध्ये पहिला रकाना असतो या वर्षी किती प्राणी वाचवले. मागच्या वर्षीपेक्षा आकडा वाढला तर प्रगती. आम्ही काय लिहायचं? की या वर्षी कमी आले आणि तेच चांगलं झालं? की एका कुटुंबाला फोनवर दोन महिने शिकवून त्यांचा इग्वाना त्यांच्याच घरी नीट राहायला लागला, म्हणून आकडा एकानं कमी झाला? तो रकाना भरायला सोपा जावा म्हणून काही ठिकाणी जागा नसताना प्राणी घेतले जातात, एका पेटीत चार चार, आणि मग रोगराई होते. शेड बांधायला पैसे मिळतात कारण शेडवर पाटी लागते. मामांच्या पगारावर पाटी लागत नाही. नवीन प्राण्याला महिना-दोन महिने वेगळं ठेवावं लागतं, पोपटांच्या चोच-पिसांच्या विषाणूला औषध नाही, एक आजारी पोपट आत आला तर सगळं पक्षीघर रिकामं होऊ शकतं, म्हणून ती वेगळी खोली बहुतेक वेळ एकाच प्राण्यासाठी अडकलेली असते. बघायला आलेल्या साहेबांना ती खोली वाया गेलेली वाटते.

माझं सगळ्यांना एकच मागणं असतं, थोडे द्या पण दरमहा द्या. एखादा व्हिडिओ बघून एकदाच पाच हजार पाठवणाऱ्याचे आभार आहेतच, पण दरमहा दोनशे रुपये आपोआप येत असतील तर आम्हाला पुढच्या महिन्याचा हिशेब मांडता येतो, आणि पाल्याचा, लाईटबिलाचा, पगाराचा खर्च महिन्याचाच असतो. आणि जमलं तर देताना "फक्त अमक्या पोपटासाठी" असं बांधून देऊ नका. ज्या पोपटाला पिसं नाहीत त्याच्याकडं पैसा येतो आणि ज्या अजगराकडं बघून लोकांना कसंतरी होतं त्याच्या नावावर काही येत नाही, पण उंदीर त्यालाही लागतात.

पोपटांचा विषय निघालाच आहे तर. आमच्याकडं एक ग्रे आहे तो खोकतो. आजारी नाही, वजन रोज होतं त्याचं, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर छोटी दांडी बसवलीये त्यावर तो स्वतःहून चढतो (पक्षी आजार लपवतात, पिसांखाली किती वाळलाय ते कळत नाही, ग्रॅममधला आकडा तेवढा खरं सांगतो). तो ज्या घरातून आला त्या घरातल्या आजोबांसारखा खोकतो. आधी घसा खाकरल्याचा आवाज, मग दोन कोरडे खोकले, मग "अगं पाणी". आजोबांनी तो पाळला होता, आजोबा गेले, आजींना जमेना, मुलं बाहेरदेशी. मुलगा त्याला घेऊन आला तेव्हा पिंजरा ठेवायच्या आत तो खोकला आणि मुलगा बाहेर जाऊन उभा राहिला. वाईट कुणाचंच नव्हतं त्यात. ग्रे चाळीस-पन्नास वर्षं जगतो आणि आजोबांनी तो साठीत घेतला होता, एवढंच. आला तेव्हा छातीची पिसं उपटलेली होती, खाणं म्हणजे सूर्यफुलाच्या बिया आणि चहात बुडवलेलं बिस्किट. आता गाजर, भोपळा, पालेभाजी खायला शिकलाय, तेही आधी शेजारच्या मकावला खाताना बघून. पिसं काही ठिकाणी परत आली, काही ठिकाणी मुळंच गेलीत, ती येणार नाहीत.

हा ग्रे बघितला की मला ताईंच्या वयाचं येतं मनात, आणि हे मी त्यांच्यासमोरही बोलते. त्या साठीच्या आहेत. हा पोपट त्यांच्या मागं राहणार हे गणित उघड आहे. प्राणी एकदा घर सुटून इथं आलेला असतो, ही जागा बंद पडली तर तो दुसऱ्यांदा बेघर, आणि तेव्हा एक नाही तर सगळे एकदम. जगभर असे आसरे बंद पडतात ते बहुतेक याचमुळे, चालवणारं माणूस थकलं किंवा गेलं आणि मागं ना माणूस तयार होतं ना पैसा. म्हणून आता ट्रस्ट आहे, ट्रस्टमध्ये ताईंपेक्षा निम्म्या वयाची दोन माणसं मुद्दाम घेतलीत, प्रत्येक प्राण्याची फाईल आहे, काय खातो, कशाला घाबरतो, कुठल्या औषधानं त्रास झाला होता. आणि दरवर्षी जमेल तेवढे पैसे वेगळे ठेवतो ज्याला हात लावायचा नाही. यावरून आमच्यातच वाद झालेत, समोर प्राणी आजारी असताना बँकेत पैसे ठेवणं बरोबर का म्हणून. मी ठेवण्याच्या बाजूनं आहे. वीस वर्षांनंतरचा पोपटही आजच्या पोपटाइतकाच आमचा आहे.

कुठल्याही ठिकाणाला मदत करण्याआधी ते ठिकाण जरा पारखून घ्या, आम्हालाही पारखा. तिथं प्राणी विकतात का, दत्तक म्हणून पैसे घेऊन देतात का ते विचारा. पिल्लं दिसतात का बघा. पाहुण्यांच्या गळ्यात अजगर घालून फोटो काढू देत असतील तर तो आसरा नाही, प्राण्याला तिथंही काम लावलंय. आम्हाला वाढदिवसाच्या पार्टीसाठी, शाळेच्या कार्यक्रमासाठी, एकदा लग्नाच्या फोटोशूटसाठीसुद्धा विचारलं गेलं, पैसे बरे देणार होते. ताई नाही म्हणाल्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते कधी "जागा नाही" म्हणतात का ते विचारा. नाही म्हणणं या कामातलं सगळ्यात जड काम आहे, फोनवर माणूस रडत असतो, पण जे ठिकाण सगळ्यांना हो म्हणतं तिथल्या प्राण्यांची मला काळजी वाटते.

पैसे नसतील तरी करण्यासारखं खूप आहे. सोसायटीत शेवगा, जास्वंद, तुती असेल आणि तिच्यावर कीटकनाशक मारत नसाल तर छाटणीच्या फांद्या आमच्यासाठी सोनं आहेत. एक इलेक्ट्रिशियन दादा दर तीन महिन्यांनी येऊन सगळं वायरिंग तपासून जातात, ओल्या जागेत दिवे आणि हीटर म्हणजे आगीचा आणि शॉकचा धोका कायमचा, त्यांची मदत पैशात मोजता येणार नाही. हिशेब तपासून देणारं कुणी, देणगीवरच्या करसवलतीच्या पावत्या वेळेवर पाठवणारं कुणी, जुने टॉवेल, चादरी, वर्तमानपत्रं. मुलांना घेऊन यायचं असेल तर आधी विचारा, मुलं जाळीबाहेर बसून तासभर नुसती बघतात, चित्रं काढतात, आणि जाताना बहुतेकांना कळलेलं असतं की याला घरी न्यायचं नसतं.

ज्यांच्या घरी असा प्राणी आहे आणि आता जमत नाहीये त्यांच्यासाठी शेवटचं. आधी फोन करा, प्राणी घेऊन थेट निघू नका. बऱ्याचदा ट्यूब बदलून, पेटी मोठी करून, खाणं बदलून प्रश्न सुटतो, ते आम्ही फुकट शिकवतो, आणि प्राण्यासाठी ओळखीचं घर हेच सगळ्यात बरं. बॉल पायथन दोन-तीन महिने जेवला नाही म्हणून घाबरू नका, तो तसाच असतो, वजन उतरायला लागलं तर डॉक्टर गाठा. शुगर ग्लायडर मागचे पाय ओढत असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका. पक्षी असेल तर नॉनस्टिक तवा तापवताना तो स्वयंपाकघरात नको, जास्त तापलेल्या तव्याच्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत मरतात. आणि खरंच सोडावं लागणार असेल तर परिवेशच्या नोंदणीचा कागद, डॉक्टरांची फाईल आणि तो काय खातो त्याची यादी काढून ठेवा. वेटिंग आहे, कधी दोन महिने कधी जास्त, तोपर्यंत काय करायचं ते आम्ही रोज विचारलंत तरी सांगू. तळ्यात सोडू नका आणि रात्री कुणाच्या गेटवर ठेवू नका, आमच्याही.